मठ्ठा जिलेबीचं काय करतो?

आवडता पदार्थ कोणता, असं चारचौघांत विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. पुरणपोळी, बिर्याणी, उकडीचे मोदक, नाहीतर आईच्या हातचं काहीतरी. खाद्यपदार्थांच्या चवीची परीक्षा घेणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे हा प्रश्न मी सतत विचारते आणि उत्तरावर फारसा विश्वास ठेवत नाही. खरी आवड बाहेर पडते ती चाचणी संपल्यावर, चहाच्या वेळी. एक जण हळूच सांगतो, दहीभातात वेफर्स चुरल्याशिवाय त्याचं जेवण होत नाही. कुणाला गुळाच्या पोळीबरोबर लिंबाचं लोणचं लागतं, कुणाला वरणभातावर फरसाण, तर कुणाला व्हॅनिला आइस्क्रीमवर पातळ पोह्यांचा चिवडा. सांगणारा जरा ओशाळलेला असतो. ऐकणाऱ्यांपैकी एखादा 'ई, हे कसं खाता?' असं म्हणतोच, आणि बहुधा तोच सकाळी चहात पोळी बुडवून खाऊन आलेला असतो.

आमची चाचणी जेवणासारखी अजिबात नसते. चाखणारे वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात. रंगाचा प्रभाव पडू नये म्हणून गरज असेल तेव्हा लाल दिवा लावतात. कपांवर नाव नसतं, तीन आकडी क्रमांक असतो. दोन नमुन्यांच्या मध्ये साध्या पाण्याने चूळ भरायची आणि एक ते नऊ यांतला गुण द्यायचा. नऊ पायऱ्यांची ही मोजपट्टी १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करात, सैनिकांना कोणतं अन्न आवडतं हे शोधताना तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. उत्तम साधन आहे, पण ते एका वेळी एकच पदार्थ मोजतं. घरी असं कोण जेवतं? म्हणून विचित्र जोडीबद्दल ऐकलं की 'हे चांगलं लागतं का' हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मी विचारते, यातला एक पदार्थ दुसऱ्याचं नेमकं काय करतो?

जिलेबी-मठ्ठा घ्या. पहिली जिलेबी अप्रतिम लागते, दुसरी चांगली, तिसरीला जीभ बधिर व्हायला लागते. एकच चव सलग मिळत राहिली की तिची जाणीव बोथट होते आणि पाक-तुपाचा थर तोंडात बसतो तो वेगळाच. मठ्ठ्यात त्याच्या उलट सगळं आहे. तो गार, पातळ, आंबट, खारट असतो, वर आलं-मिरचीची चुणचुण आणि जिऱ्याचा वास. आंबट आणि गोड या चवी एकमेकींना दाबतात, त्यामुळे गोडाचा शीण उतरतो. पातळ ताकाने पाक धुऊन निघतो आणि चौथी जिलेबी पुन्हा पहिलीच्या जवळपास जाते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचं पिंप जिलेबीच्या परातीइतकंच महत्त्वाचं असतं ते यामुळे. जिलेबीचं पीठ आंबवलेलं असतं, म्हणजे थोडा आंबटपणा हलवायाने आधीच आत घालून ठेवलेला असतो. मठ्ठा तेच काम पुढे नेतो. पुरणपोळीजवळची कटाची आमटीही याच वाटेवरची. ज्या डाळीचं पुरण, तिच्याच उकळीचं पाणी चिंच-मसाला घालून आंबट-तिखट करायचं आणि गोडाच्या शेजारी बसवायचं.

मिठाचं काम याहून बारीक आहे. पेरूला, कैरीला, कलिंगडाला आपण मीठ का लावतो? पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशॅम्प या अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सोडियम कडूपणाची जाणीव दाबतं आणि कडूपणाखाली लपलेला गोडवा त्यामुळे वर येतो. फळात साखर होतीच, मिठाने फक्त तिच्यावरचं झाकण काढलं. गोड पदार्थात चिमूटभर मीठ घालणाऱ्या आज्यांना हे कुठल्याही संशोधनाशिवाय ठाऊक होतं.

तिखटाची गोष्ट निराळी, कारण शास्त्राच्या हिशेबात तिखट ही चवच नव्हे, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं, ती ग्राही मुळात चटका ओळखण्यासाठी असते. म्हणून मेंदूला तोंड भाजल्याची खबर जाते. ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला पकडून ठेवतं. साखरेनेही दाह कमी होतो. आता आपली ताटं आठवा. ठेचा-भाकरीबरोबर दही किंवा कच्चं तेल. झणझणीत पिठल्यानंतर गुळाचा खडा. मिसळीशेजारी ताकाचा ग्लास. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याच्या वाटीला लागून पांढऱ्या रश्श्याची वाटी असते. तिच्यात नारळाचं दूध आणि खसखशीसारखं स्निग्ध वाटण असतं, लाल मिरची नसते. दोन घोट तांबडा, एक घोट पांढरा असं खाणारा कोल्हापूरकर जिभेवरची आग स्वतःच वर-खाली करत असतो. पाण्याचा तांब्या मात्र तिथे काही कामाचा नाही.

चहा-पोळीला मी सर्वात जास्त मान देते, कारण ती दुरुस्ती आहे. पोळी शिळी होते म्हणजे नुसती वाळते असं नाही. भाजताना फुललेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा शिस्तीत रचले जातात आणि पोळी चिवट, कडक होते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ही रचना बरीचशी मोडते. वाफाळता चहा हे तापमान सहज देतो, पाणीही देतो, आणि पोळीला लावलेलं तेल-तूप त्या उष्णतेने पुन्हा सुगंधी होतं. उलट बाजूने दुधाचा चहा आणि पोळी मिळून चहाचा तुरटपणा बोथट करतात. कालच्या पोळीला आणि कडक चहाला एकमेकांची गरज आहे. तव्यावर तूप घालून परतणं हाही उपाय आहेच, पण सकाळी साडेसहाला गॅसवर चहाचं आधण आधीच चढलेलं असतं.

काही जोड्यांत काम चवीचं नसून आवाजाचं असतं. खानदेशी शेवभाजीत शेव वाढायच्या वेळी पडते आणि पहिले काही घास कुरकुरीत-मऊ असे दोन्ही लागतात. आमरसाबरोबर तळलेली कुरडई, दहीभातावरचे ते वेफर्स, वरणभातावरचं फरसाण, सगळी एकाच घराण्यातली. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी मॅसिमिलियानो झाम्पिनी यांच्याबरोबर २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेफर्स चावण्याचा आवाज माइकमधून खाणाऱ्यालाच कानात ऐकवला आणि त्याची वरची पट्टी वाढवली, तर तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले. मऊ भाताला स्वतःचा आवाज नसतो. तो त्याला उसना मिळतो आणि घासागणिक बदलत जातो, म्हणून कंटाळा येत नाही.

इथे एक वाद सांगायला हवा, कारण तो आपल्या स्वयंपाकाला थेट लागू होतो. इंग्लंडचे शेफ हेस्टन ब्लूमेंथल यांनी व्हाइट चॉकलेटवर कॅव्हिअर, म्हणजे खारवलेली माशाची अंडी, ठेवून वाढली आणि त्यातून एक कल्पना गाजली, की ज्या दोन पदार्थांत सुगंधाची संयुगं सामाईक असतात ते एकत्र चांगले लागतात. २०११ मध्ये संशोधक अल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि सहकाऱ्यांनी ५६,४९८ पाककृती संगणकावर घेऊन ही कल्पना तपासली. पाश्चात्त्य पाककृतींत सामाईक संयुगांच्या जोड्या जास्त सापडल्या, पूर्व आशियाई पाककृतींत कमी. मग २०१५ मध्ये जोधपूरच्या आयआयटीतले अनुपम जैन, राखी आणि गणेश बागलर यांनी तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या २,५४३ भारतीय पाककृती तपासल्या. आपल्याकडे कल उलटा निघाला. सुगंधाने एकमेकांपासून दूर असलेले जिन्नस आपण मुद्दाम एकत्र आणतो आणि त्यात सर्वात मोठा वाटा मसाल्यांचा असतो.

मला त्यात नवल वाटलं नाही. जिलेबी-मठ्ठा, तांबडा-पांढरा, पोळी-चहा यांचं नातं सारखेपणाचं नाहीच. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. अर्थात अपवाद आहेत, आणि एक तर फार मोठा आहे: आमरस आणि साजूक तूप. हापूसच्या सुगंधावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. फळ पिकताना त्यात लॅक्टोन नावाची संयुगं वाढतात, आणि तुपाच्या वासातही लॅक्टोन असतात. इथे सारख्याला सारखं मिळतं. पण त्यावर मिरपूड किंवा सुंठ पडते, म्हणजे विरोध आपण शेवटी आणतोच.

काम न जमल्यामुळे फसणाऱ्या जोड्याही पाहाव्यात. शिकरणावर पुष्कळ जण आक्षेप घेतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे १८ प्रकार सांगितले आहेत आणि दूध-फळांच्या मेळाची चर्चा त्या परंपरेत होत आली आहे. तो वैद्यांचा प्रांत आहे, माझी मोजमापं तिथे चालत नाहीत. वाटीत काय घडतं एवढं मी सांगू शकते. दूध फाटायला जितकी आम्लता लागते तितकी पिकल्या केळ्यात नसते, म्हणून शिकरण टिकतं. त्याच दुधात ताजा अननस घाला. त्यातलं ब्रोमेलेन हे विकर दुधाच्या प्रथिनांचे तुकडे करतं, त्यांतले काही तुकडे कडू असतात, आणि तासाभरात फ्रूट सॅलड वाया जातं. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं. अननसाचा शिरा बिघडत नाही त्याचंही कारण हेच. तेव्हा कच्च्या अननसाचं श्रीखंड करायचं मनात असेल, तर फोडी आधी साखरेत शिजवून गार करा.

एखादी जोडी आवडण्यात सवयीचं पारडं मी हलकं मानत नाही. संशोधक ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवलं की आईने गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस प्यायला असेल, तर बाळ पुढे गाजराच्या चवीची लापशी कमी तोंड वाकडं करून खातं. इंदूरमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला पोह्यांबरोबर जिलेबी सहज वाटते, नागपूरकराला पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, आणि पुणेकर या दोघांकडे पाहून लिंबाची फोड पिळतो. पण सवय एखाद्या जोडीची ओळख करून देते, पिढ्यान्‌पिढ्या ती टिकवायला काम लागतं. इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण असतं, नागपूरच्या कोरड्या पोह्यांना तर्रीचा ओलावा आणि तेल मिळतं, पुण्यात ओलं खोबरं आणि लिंबू. पदार्थ एकच, त्याचं उणं तीन गावांनी तीन तऱ्हांनी भरून काढलं.

हल्ली मोबाइलवर दिसणाऱ्या चमत्कारिक पदार्थांशी या जुन्या जोड्यांचं नाव जोडलं जातं, याचं मला वाईट वाटतं. शीतपेयात उकळलेल्या नूडल्स, चॉकलेटची पाणीपुरी, गुलाबजामचा पिझ्झा. पाणीपुरीत पाण्याचं काम आंबट-तिखट होऊन तळलेल्या पुरीला आणि बटाट्याला उठाव देण्याचं. ते काढून चॉकलेट ओतलं की स्निग्धावर स्निग्ध आणि गोड एवढंच उरतं. ती जोडी बघणाऱ्यासाठी बनवलेली असते, खाणाऱ्यासाठी नव्हे. म्हणून ती एकदा चाखली जाते आणि मग पुढचा चमत्कार शोधावा लागतो.

दिवाळीचा फराळ हा मात्र या सगळ्याचा सर्वात मोठा प्रयोग आहे. संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नोंदवलं की खात असलेल्या पदार्थाची गोडी खाताना घसरते, पण न खाल्लेल्या पदार्थाची तितकी घसरत नाही. दोन बेसनाच्या लाडवांनी पुरे झालेला माणूस चकलीला नाही म्हणत नाही, आणि चकलीनंतर शंकरपाळ्याला हात घालतो. यजमानीणबाईंचा 'अजून थोडा चिवडा घ्या' हा आग्रह शास्त्राला धरून असतो.

यंदा नवी जोडी करून बघायची असेल तर पदार्थाचं नाव पाहू नका, त्याचं काय जड होतंय ते ओळखा. लाडू तुपकट वाटतोय? कोरी, बिनसाखरेची कॉफी घ्या, कडूपणा गोडाला आवरेल. चकली फार कोरडी झाली? लोणी किंवा घट्ट दही लावा. अनारसा गोड झालाय? कोकमाचं सार प्या. करंजीच्या सारणाचा कंटाळा आला तर शेजारी लिंबाचं मुरलेलं लोणचं ठेवा. पाहुण्यांसमोर करायची गरज नाही. आणि दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नसताना, तुमचा हात पुन्हा त्याच दोन डब्यांकडे गेला, तर ती जोडी जमली असं खुशाल समजा.