पुरस्कार त्यांचे, मतं आमची

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद या पानावर घालायचा नाही. आपल्या बहुतेक घरांत तो पाहिला जातो. मोबाइल आल्यापासून तर मुलं आपल्या आधी पाहून मोकळी होतात. मग पाहायचाच तर डोळे उघडे ठेवून पाहावा आणि पाहून झाल्यावर घरात त्यावर बोलावं, एवढंच आमचं म्हणणं. आमच्या घरी हे बोलणं जरा जास्तच होतं. अम्मी दिलीपकुमारच्या पुढे कुणाला नट मानत नाहीत, मुलांना दक्षिणेकडची मारधाड हवी असते आणि दिवसभर वर्गात मराठी-उर्दूचं व्याकरण शिकवून आलेले आम्ही या दोन पक्षांच्या मधोमध बसतो. तेव्हा जे वाटतं ते स्पष्टच लिहितो.

1 ऑगस्ट 2025 रोजी 71वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. 2023 सालच्या चित्रपटांसाठीचे हे पुरस्कार. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान शाहरुख खान आणि विक्रांत मॅसी यांना मिळून देण्यात आला. 1992 च्या ‘दीवाना’पासून पडद्यावर असलेल्या शाहरुखचा हा पहिला राष्ट्रीय पुरस्कार! घरातल्या मुलींनी त्या संध्याकाळी ईदच साजरी केली. आनंद आम्हालाही झाला, पण ‘जवान’साठी? ‘जवान’ करमणूक म्हणून झकास आहे. अभिनय म्हणाल तर तो 2004 च्या ‘स्वदेस’मध्ये होता. स्टेशनवर पाणी विकणाऱ्या पोराच्या हातून कुल्हड घेताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं, ते ‘जवान’च्या सगळ्या वेशांतरांत मिळून नाही. आणि 2007 च्या ‘चक दे! इंडिया’मधला कबीर खान? पाकिस्तानविरुद्ध एक पेनल्टी हुकते आणि घराच्या भिंतीवर ‘गद्दार’ लिहिलं जातं. ते पाहताना अब्बा उठून बाहेर गेले होते, ते आम्हाला आजही आठवतं.

‘स्वदेस’च्या वर्षी पुरस्कार मिळाला सैफ अली खानला, ‘हम तुम’साठी. ‘चक दे’च्या वर्षी प्रकाश राज यांना, ‘कांचीवरम’मधल्या रेशीम विणकरासाठी. दुसऱ्याबद्दल आमची तक्रार नाही, पहिल्याबद्दल आहे. 71व्या पुरस्कारांच्या ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे ‘स्वदेस’चेच दिग्दर्शक. जुनी बाकी त्यांच्या काळात चुकती झाली असं समजू या.

विक्रांत मॅसीबद्दल मात्र दुमत नाही. ‘ट्वेल्थ फेल’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, तेही योग्यच. लोक त्यात यूपीएससीची जिद्द पाहतात. आम्हा मास्तरांना सुरुवातीचा भाग जास्त लागतो. चंबळच्या शाळेत फळ्यावर उत्तरं लिहून दिली जातात, एक पोलीस अधिकारी ती कॉपी बंद पाडतो आणि अख्खा वर्ग नापास होतो. त्या नापास होण्यातूनच मनोज घडतो. दहावी-बारावीच्या परीक्षेला मुलाला ‘मदत’ व्हावी म्हणून शाळेच्या भिंतीपाशी घोटाळणाऱ्या पालकांनी हा सिनेमा एकदा पाहावा.

आता कडू घोट. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’साठी सुदीप्तो सेन यांना मिळाला. छायाचित्रणाचाही याच चित्रपटाला. कॅमेऱ्याबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. दिग्दर्शनाबद्दल आहे. टीझरमध्ये 32 हजार मुलींचा आकडा सांगितला गेला. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांनीच कबूल केलं की या आकड्याला खात्रीशीर आधार नाही, आणि तशी सूचना पडद्यावर दाखवायची तयारी दाखवली. आमच्या वर्गात मुलाने निबंधात आकडा लिहिला तर आम्ही विचारतो, “बाळा, कुठून आणलास?” उत्तर आलं नाही तर गुण कापतो. इथे गुण वाढवून मिळाले.

पश्चिम बंगालने या चित्रपटावर बंदी घातली होती, तीही आम्हाला पटली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, ते बरं झालं. वाईट सिनेमाला उत्तर चांगल्या सिनेमाने द्यावं, कुलपाने नव्हे. पण बंदी नको म्हणणं वेगळं आणि राष्ट्राच्या नावाने पाठ थोपटणं वेगळं. या सिनेमात नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातली मुस्लिम मुलगी आपल्या मैत्रिणींना जाळ्यात ओढते. आमची एक विद्यार्थिनी त्याच सुमारास नर्सिंगला गेली. हुशार, अबोल पोर. पहिल्याच महिन्यात तिच्या खोलीतल्या मुलीच्या आईने आपल्या लेकीची खोली बदलून घेतली. भांडण नाही, तंटा नाही. ती फोनवर एवढंच म्हणाली, “सर, मी तिला नोट्स देत होते.” सिनेमाचं तिकीट प्रेक्षक काढतो. किंमत अशी कुणीतरी तिसरीच मुलगी मोजते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. आरसा आपल्याकडेही वळवावा लागतो, आणि ते काम किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ने हसत हसत केलं. घुंघटामुळे रेल्वेत नववधूंची अदलाबदल होते. नवरा बायकोचा फोटो घेऊन शोधत फिरतो, तर फोटोतही चेहरा घुंघटात! एक मुस्लिम दुकानदार त्याला सुनावतो की चेहरा हीच माणसाची ओळख, तीच झाकली तर राहिलं काय? तेवढ्यात त्याची स्वतःची बेगम बाहेर येते, बुरख्यात. आमच्या घरात या जागी सगळे हसले. खालाजान सर्वांत मोठ्याने हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. परदा कुणी करावा, कुणी करू नये, हे आम्ही इथे सांगत नाही. पण दुसऱ्याच्या घरची सक्ती आपल्याला लगेच दिसते आणि आपल्या घरची सक्ती आपण रीत म्हणून खपवतो, हे त्या अर्ध्या मिनिटात जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या तकरीरीत कळत नाही.

तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये या सिनेमाला 13 फिल्मफेअर मिळाली, ती आम्हाला जास्त वाटली. शेवटी इन्स्पेक्टरचं मन फारच सोयीने वितळतं. स्टेशनवर टपरी चालवणाऱ्या मंजू माईच्या भूमिकेत छाया कदम आहेत, त्यांचा पुरस्कार मात्र सोळा आणे खरा. याच छायाताई पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती झाल्या आहेत. वर्षानुवर्षं राहत्या घराचा एक कागद नाही म्हणून तिला मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या गावी परतावं लागतं. कागद नसणं म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. या चित्रपटाने 2024 मध्ये कान्सला ग्रां प्री मिळवलं, तरी त्या वर्षी ऑस्करला आपण ‘लापता लेडीज’ पाठवला. सगळ्या घराने एकत्र बसून पाहावा असा तो नाही, हे मान्य. पण स्पर्धेला पाठवायचा तो तोच होता.

मराठी सिनेमाने या वेळी मान उंच केली. सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांत विभागला गेला आणि त्यातली चार मराठी चित्रपटांतली: तिघं ‘नाळ 2’ची, एक ‘जिप्सी’चा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. 1954 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांची सुरुवात झाली तेव्हा पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’लाच मिळालं होतं. साने गुरुजी आपलेही आहेत. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक त्यांनीच लिहिलं. म्हणून एक गाऱ्हाणं मराठी सिनेमाकडे हक्काने मांडतो: श्यामच्या वर्गातला सलीम कुठे आहे? ‘सैराट’मधला सल्या आम्हाला आवडला, कारण तो फक्त परश्याचा दोस्त होता. त्याला गुंड केलं नाही आणि फरिश्ताही केलं नाही. अशी माणसं मराठी पडद्यावर मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आपलं मालेगावही हिंदीत गेलं तेव्हाच मोठ्या पडद्यावर आलं. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ यंत्रमागाच्या खडखडाटात सिनेमाचं वेड जपणाऱ्या नासिर शेख आणि मंडळींवर आहे. खूप आवडला. पण त्यात नायिका बाहेरून आणावी लागते, त्यावर आपण विचार करायला हवा. मुलांच्या स्वप्नांना गावाने टाळ्या दिल्या, मुलींच्या स्वप्नांना दार उघडलं का?

शेवटी ज्याला आम्ही पहिला नंबर देऊ तो सिनेमा: नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. शोएब आणि चंदन हे दोन मित्र, एक मुस्लिम, एक दलित. दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दीला कुणी आडनाव विचारत नाही असं त्यांना वाटतं. शोएबला ऑफिसात भारत-पाकिस्तान सामन्यावरून टोमणे ऐकावे लागतात. चंदनची आई शाळेत माध्यान्ह भोजन शिजवते, तर तिच्या हातचं आमच्या मुलांनी खायचं नाही म्हणून पालक अडून बसतात. शाळेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग पाहावा. पुढे सुरतच्या गिरणीतून टाळेबंदीत दोघे घराकडे निघतात आणि एकच पोहोचतो. 2020 मध्ये खरंच घडलेल्या अशाच एका प्रवासावर बशारत पीर यांनी लिहिलेल्या लेखावरून ही कथा घेतली आहे. डिसेंबर 2025 मध्ये ऑस्करच्या 15 चित्रपटांच्या यादीत तो पोहोचला, पण थेटरात त्याला गर्दी झाली नाही.

शोएब चांगला मुसलमान आहे की वाईट, हे हा सिनेमा विचारत नाही. तो चिडतो, चुकतो, मित्राशी भांडतो आणि मित्राला खांदाही देतो. पुरस्कार मिळो न मिळो, आम्हाला पडद्यावर एवढंच हवं आहे. घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवून ‘होमबाउंड’ पाहा. संपल्यावर लगेच दिवा लावू नका. आधी त्यांना बोलू द्या.