डबी

तळहातात मावेल एवढी. दोन वाट्या, दोन झाकणं. एकावर ‘एल’, एकावर ‘आर’. आमच्या धाराशिवच्या घरात ती न्हाणीतल्या फळीवर, ब्रशांच्या पेल्याला टेकून बसायची. पुतणीची कॉन्टॅक्ट लेन्सची डबी.

सांभाळणं हा डबीचा स्वभाव. हाती दिलेलं रात्रभर जपते. लेन्स जपते, तसा ओल्या बोटावरून उतरलेला नळाचा थेंबही जपते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिंपं भरून ठेवायची. अशा पाण्यात अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. कवच चढवून बसला, की नेहमीच्या क्लोरीनलाही तो दाद देत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत लेन्सवाल्यांचे डोळे त्याने पोखरले. लोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच द्रावण करत होते, आणि ते दिसायला नितळ होतं.

एकदा मी वाटीत बोट फिरवलं. तळाशी बुळबुळ लागली, न घासलेल्या माठाला आतून असते तशी. बाटली महाग, म्हणून पोरगी कालच्याच सोल्युशनमध्ये थोडं नवं ओतत होती. काटकसरीच्या घरात वाढलेली. मला तिच्यावर रागावता येईना. पण शिळ्या सोल्युशनमध्ये जंतू मारण्याचा जोर उरत नाही, आणि त्या बुळबुळीच्या आडोशाला जंतू सुखाने वाढतात.

बुबुळाला जखम म्हटलं, की आपल्याकडे आधी विचारतात, ज्वारीची पात लागली का, उसाचं पान लागलं का? फूल पडलेले डोळे या मुलखाने पुष्कळ पाहिलेत. रानात पाऊल न टाकलेल्या पोरीच्या डोळ्यात तेच फूल या डबीतून येऊ शकतं, याची मला धास्ती बसली.

पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये डबी पिशवीत राहते आणि लेन्स डोळ्यांत. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. वर लेन्स, त्यावर मिटलेली पापणी, म्हणजे ते गुदमरतंच. लेन्स घालून झोपल्यास संसर्गाचा धोका 6 ते 8 पट वाढतो. तुळजापूरला कल्लोळ तीर्थाचं पाणी डोळ्यांना लावायचं, तर आधी लेन्स उतरवावी. तेव्हाही डबी जवळ हवी.

आता दर 3 महिन्यांनी नवी डबी येते. साबणाने धुऊन कोरडे केलेले हातच तिला लागतात. सकाळी जुनं सोल्युशन फेकायचं, वाट्या ताज्या सोल्युशनने चोळून धुवायच्या, पुसायच्या. मग दिवसभर ती माजघराच्या खिडकीत, स्वच्छ रुमालावर पालथी. शेजारी दोन्ही झाकणं, तीही पालथी.