नाही ते नाही

वारा पडला की हिशिउरा बंदराच्या पाण्यात डोंगर उलटे उभे राहतात. लाफ्काडिओ हर्न हा लेखक 1892 साली ओकी बेटांवर आला आणि या बंदरात रमला. इथल्या निश्चल पाण्याला त्याने आरशाची उपमा दिली. 'कागामिगाउरा', म्हणजे आरशाची खाडी, हे तिचं नाव अजून सांगितलं जातं. शिमाने प्रांताच्या किनाऱ्यापासून बोटीने तीनेक तासांवर, जपानच्या समुद्रात ओकी बेटांपैकी नाकानोशिमा नावाचं बेट आहे, हे बंदर तिथलंच. ते अख्खं बेट म्हणजेच आमा हे गाव.

या गावाने 2011 साली आपल्यासाठी एक ब्रीद निवडलं : 'नाइ मोनो वा नाइ'. एका अंगाने वाचलं तर अर्थ होतो, नाही ते नाही. दुसऱ्या अंगाने वाचलं तर, इथे नाही असं काही नाही. मराठीत त्यासाठी दोन वाक्यं लागतात. जपानीत दोन्ही अर्थ एकाच ओळीत शेजाऱ्यांसारखे नांदतात. ही ओळ वाचल्यापासून ते बेट माझ्या मनातून हललेलं नाही. आपल्यापाशी काय नाही हे एखादं गाव इतक्या शांतपणे सांगतं, याचंच मला अप्रूप वाटतं.

नाहींची यादी मोठी आहे. रात्रभर उघडं असणारं दुकान नाही, सिनेमाघर नाही. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटही नाही. 1950 च्या सुमारास इथे सात हजारांच्या आसपास माणसं होती, आता अडीच हजारांहूनही कमी. या शतकाच्या आरंभी गावावर एक हजार कोटी येनांच्या घरात कर्ज होतं आणि शेजारच्या गावांत विलीन होण्याचा सल्ला सरकारकडून येत होता. गावाने तो मानला नाही. गावप्रमुख मिचिओ यामाउची यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मग गावकचेरीतले लोकही आपण होऊन पुढे आले आणि त्यांनीही आपापले पगार कापून घेतले. वाचलेल्या पैशातून लेकुरवाळ्या घरांना मदत सुरू झाली.

समुद्र तर उशाशी होता. पण इथले म्हाकूळ आणि कालवं मुख्य भूमीवरच्या बाजारात पोचेपर्यंत ताजेपणा जायचा, उरलेला भाव वाहतुकीत जायचा. 2005 साली गावाने मासळीची चव राखून ती गोठवणारी यंत्रणा बसवली. अंतर तेवढंच राहिलं, पण आता घाई उरली नाही. पूर्वी इथे मांस मिळणं कठीण, म्हणून घरोघरी करीमध्ये साझाए घालत. साझाए म्हणजे खडकांवर मिळणारा, शंखात राहणारा जीव. बेटावरच्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. बाहेरून आलेल्यांना मात्र त्याचं नवल वाटलं. अडचणीतून आलेली ती करी आज पाकिटात भरून बेटाच्या नावाने विकली जाते.

ग्रंथालयही नव्हतं. मग गावाने ठरवलं की अख्खं बेटच ग्रंथालय मानायचं, आणि बंदरावर, शाळांत, लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागी पुस्तकांची कपाटं उभी राहिली. बोटीची वाट पाहणाऱ्याच्या हाती पुस्तक आलं. ग्रंथालयाची इमारत त्यानंतर आली.

उणं करण्यातून काही घडवायची रीत इथे जुनीच असावी. 1221 साली कामाकुराच्या योद्ध्यांशी झालेल्या संघर्षात हरलेला निवृत्त सम्राट गो-तोबा या बेटावर हद्दपार होऊन आला आणि 1239 मध्ये इथेच वारला. त्याच्याच आज्ञेने 'शिन कोकिनश्यू' हा सुमारे दोन हजार कवितांचा संग्रह सिद्ध झाला होता. राज्य गेलं, राजधानी गेली. बेटावर बसून तो त्याच संग्रहावर पुन्हा काम करत राहिला आणि त्यातल्या शेकडो कविता त्याने गाळल्या. समुद्राच्या गाजेत बसून एकेक कविता वगळणारा तो म्हातारा राजा मला या गावाचा पूर्वज वाटतो.

सर्वांत मोठं 'नाही' मात्र दाराशी येऊन ठेपलं होतं. ओकी-दोझेन ही इथली उच्च माध्यमिक शाळा. आसपासच्या तीन बेटांना मिळून ती एकच. 2008 च्या सुमारास तिथे नव्वदच्या आसपास मुलं उरली होती. शाळा बंद पडली असती तर पंधराव्या वर्षीच मुलांनी बेट सोडलं असतं, आणि त्यांच्यामागे घरंही. गावाने उलट बाहेरच्या मुलांना हाक मारली : इथे या, राहा, शिका. तोक्योसारख्या शहरांतून मुलं आली. पट वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला.

मार्चमध्ये जपानी शालेय वर्ष संपतं. तेव्हा शिकून निघालेल्या मुलांच्या बोटीच्या कठड्यापासून धक्क्यापर्यंत रंगीत कागदी फिती ताणलेल्या असतात. एक टोक जाणाऱ्याच्या हाती, दुसरं राहणाऱ्याच्या. बोट सरकते, फिती ताणतात, एकेक तुटते.

जपानी घरातून बाहेर पडणारा माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो, आणि घरातलं माणूस 'इत्तेराश्शाई' म्हणून उत्तर देतं. आपण उंबऱ्यावर जे म्हणतो, तेच ते : जाऊन येतो, जाऊन या. ज्या गावाने आपली सगळी 'नाही' मोजून पाहिली, त्या गावाला हे 'या' म्हणायचा अधिकार आहे.