शाफ्टचे दोन तुकडे

आमच्या मिरजेत तयार कानाची माणसं दोन ठिकाणी हमखास भेटतात. एक सतारमेकरांच्या दुकानात, दुसरी ट्रकच्या गॅरेजात. सतारमेकर जवारी घासताना सूर ऐकतो आणि मिस्त्री चालत्या गाडीखालची घरघर ऐकून सांगतो, ‘‘सेंटर बेअरिंग गेलंय.’’

1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. तो करार 1969 पर्यंत चालला. त्या घराण्याची जुनी गाडी हाती आली की हौशी मालक तिला नवा गिअरबॉक्स बसवतो, कुणी चेसिस लांबवतो. मग गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करावा लागतो. ‘‘मध्ये पाइप जोडून एकच लांब शाफ्ट करू या, सेंटर बेअरिंगची कटकट नको,’’ असं मालक म्हणतो. खरा धोका इथेच आहे. शाफ्टची लांबी दुप्पट केली, तर तो ज्या फेऱ्यांवर धनुष्यासारखा वाकून थरथरू लागतो, ती मर्यादा एक चतुर्थांशावर येते. म्हणून तर कारखान्याने त्याचे दोन तुकडे केले आणि मध्ये आधार दिला.

दुसरी गोष्ट क्रॉसची. कोनात फिरणारा क्रॉस पुढच्या शाफ्टला एका फेरीत दोनदा जोरात, दोनदा हळू फिरवतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक पुसतो. पण दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असले आणि दोन्ही कोन सारखे असले तरच. म्हणून मिस्त्री शाफ्ट उघडण्याआधी सांध्यावर खुणा करतो. सरकता सांधा खूण चुकवून बसवला, तर गाडी थरथरते, क्रॉस झिजतो आणि एखाद दिवशी भर रस्त्यात शाफ्ट निखळतो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर ट्रक उचलला जातो. अशा वेळी जीव ड्रायव्हर-क्लीनरचा जातो, मालकाचा नाही.

माझा एक विद्यार्थी आठवीनंतर गॅरेजात गेला. मी विचारलं, ‘‘खूण का करतोस रे?’’ म्हणाला, ‘‘उस्ताद करतात म्हणून, सर.’’ मी दोन पेन्सिली आणि दोरा घेऊन त्याला कारण दाखवलं. आता तो मालकाला कारण सांगून नाही म्हणतो. वेल्डिंगनंतर शाफ्टचं बॅलन्सिंग करून आणा, असंही बजावतो.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. पण रात्री गॅरेजात कायदा हजर नसतो, हजर असतो तो शागीर्द. आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं याच कामावर रोजी कमावतात. उस्तादाची अदब त्यांनी जरूर राखावी. पण ‘का’ विचारण्याची हिंमत आम्ही मास्तरांनी त्यांना शाळेतच द्यायला हवी.