विकतचे खत

गेल्या ज्येष्ठात आमच्या हातून सदतीस रोपांचा वध झाला. वध हा शब्द वाचकांस अतिशयोक्तीचा वाटेल. परंतु अज्ञानाने केलेल्या कृत्यास जो सौम्य शब्द लागू पडतो तो येथे लागू पडत नाही, कारण आम्हांस आधी सांगण्यात आले होते. सांगणारी आमची आई होती. तिने या प्रकारास कोणताच शब्द वापरला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

रोपे वांग्याची होती. वांग्याच्या रोपांसाठी मासिकाची पाने कशाला, असे कोणी म्हणेल, म्हणून त्या वांग्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या आईचे माहेर श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचे. लग्न होऊन ती सासरी आली तेव्हा दागिन्यांच्या डब्यात एक चिंधीची पुरचुंडी होती व तीत राखेत घोळलेले वांग्याचे बी होते. पांढरट अंगावर जांभळ्या रेघा, देठाला बोटांत रुतणारे काटे, आणि भरल्या वांग्यास असे की रस्सा संपला तरी फोड मोडत नाही. पन्नासांहून अधिक वर्षे ती दरसाल एक फळ झाडावर पिवळे होऊ देई, त्याचे बी धुऊन सावलीत वाळवी आणि पुरचुंडी देवघराच्या खणात ठेवी. गेली दोन वर्षे दुखण्यामुळे तिला हे साधले नव्हते. म्हणजे खणात होती तेवढी चिमूट शेवटची. ती तिने आमच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "यंदा तू लाव."

आता आमच्या घरी गाय नाही, म्हैस नाही, आणि परसाच्या कोपऱ्यातला उकिरडा आम्हीच दहा वर्षांपूर्वी सुधारणेच्या भरात बुजवून तेथे फरशी घातलेली. तेव्हा खत विकत आणणे आले. दुकानदार मोठा अदबशीर मनुष्य. "साहेब, शंभर टक्के सेंद्रिय. काळे सोने समजा," असे म्हणून त्याने दोन पिशव्या स्वतः रिक्षात ठेवल्या. सेंद्रिय या शब्दात अलीकडे जी जादू आली आहे ती पूर्वी गंगाजलात होती. त्याचा उच्चार झाला की विचारणे संपते.

आईने पिशवीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "अरे, हे अजून ऊन आहे. आणि वास घे, काकवी आंबल्यासारखा येतोय. शेणखतसुद्धा एक पावसाळा खाल्ल्याशिवाय रोपाला घालीत नाहीत." आम्ही पिशवीवरील छापील मजकूर तीस वाचून दाखविला. त्यात नत्र, स्फुरद, पालाश यांची नावे ठळक होती. ती ऐकून ती घरात गेली. वाफ्यातील माती काढून त्यात निव्वळ खत भरण्याची कल्पना मात्र सर्वस्वी आमची. कमी खतात जर चांगले येते तर जास्त खतात अधिक चांगले येईल, हा त्रैराशिकाचा न्याय आम्ही लावला.

आठव्या दिवशी कोंब वर आले. मोजले, सदतीस भरले. बाराव्या दिवशी पानांची टोके करपली, जणू कोणी उदबत्ती लावून गेले असावे. आम्हांस वाटले पाणी कमी पडले. म्हणून बोअरचे पाणी सकाळ-संध्याकाळ घातले. त्याने दाह अधिकच वाढला. मग वाटले ही मर असावी. परंतु मर रोपास जमिनीलगत गळा आवळून आडवे पाडते, आणि आमची रोपे उभ्या उभ्या वाळत होती. वाफ्याच्या पृष्ठभागावर पिठासारखा पांढरा थर दिसू लागला. आई काठी टेकीत आली, बोटावर तो थर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, "खार आहे."

या मुलखास खार नवा नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांनी या माळावर ऊस उभा राहिला. हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, पुढे १९५० साली लोणीस सहकारी कारखाना निघाला, आणि बेलापूर रोड स्टेशनाजवळच्या वस्तीचे श्रीरामपूर हे भरभराटीचे पेठेचे गाव झाले. पण काळ्या जमिनीस पाणी पाजावे तसे ते निचरत नाही. खालचे क्षार घेऊन ते वर येते, उन्हाने उडून जाते व क्षार मागे ठेवते. चोपण झालेले तुकडे आणि मचूळ विहिरी या बागाईत पट्ट्यात कोणीही दाखवील. आईच्या पिढीने हे शास्त्र जिभेवर शिकलेले.

आमच्या वाफ्यात मात्र खार पाटाने आला नव्हता. तो पिशवीतून आला होता. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे आम्ही उरलेले खत घेऊन गेलो. त्यांनी ते चिमटीत चोळले, हुंगले आणि त्याची कुळकथा सांगितली. उसाचा रस गाळताना जो चोथ्यासारखा गाळ उरतो ती कारखान्याची मळी, ज्यास व्यवहारात प्रेसमड म्हणतात. काकवीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे सांडपाणी उरते ते या गाळाच्या ढिगांवर पुनःपुन्हा शिंपडतात, ढीग यंत्राने उलथतात आणि आठवड्यांमागून आठवडे कुजू देतात. त्या सांडपाण्यात पालाश विपुल असतो, तसेच इतर क्षारही. नीट कुजले, नीट निवले, तर ते खत उसाच्या शेतास उपकारक होते. घाई झाली तर ते ऊन राहते, त्यातले जंतू स्वतःच्या पोटासाठी मातीतला नत्र ओढतात, कच्ची आम्ले कोवळ्या मुळांस जाळतात, आणि क्षारांमुळे मुळांस पाणी समोर असूनही पिता येत नाही. उसाचे बेणे ते सोसते. वांग्याचे दोन पानांचे बाळ सोसत नाही.

त्यांनी खत पाण्यात कालवून विद्युतवाहकता मापली. सरकारी खत नियंत्रण आदेशात २००६ साली सेंद्रिय खतांचे निकष घातले गेले. शहरी कचऱ्याच्या खतास त्यात चार डेसिसायमनची मर्यादा आहे, आणि कर्ब-नत्राचे प्रमाण विसाच्या आत असावे लागते. आमच्या पिशवीने चाराची मर्यादा कधीच ओलांडली होती. आम्ही तत्काळ दुकानदारास चार शब्द सुनावण्याच्या तयारीस लागलो. तेवढ्यात स्नेह्यांनी पिशवी उलटी केली. मागे, शिवणीजवळ, मुंगीच्या अक्षरांत छापले होते की एक भाग खत चार भाग मातीत मिसळावे. आमच्या रागाचा निम्मा भाग तेथेच परत घ्यावा लागला.

परदेशी तरी याहून निराळे काय आहे? इंग्लंडात २००८ साली अनेक बागवानांची टोमॅटोची व घेवड्याची झाडे नेच्यासारखी आक्रसली. कुरणावर मारलेले तणनाशक गवतातून गुरांच्या पोटात, तेथून शेणात आणि शेणातून बागेत पोचले होते. आणि आमच्याकडे खत करण्याची विद्या कमी होती असेही नाही. आल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत जगभर गेली. परंतु १९३१ साली निघालेल्या त्या पुस्तकावर दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे, हे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक असते? पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे तर आपल्या नावाची आद्याक्षरेच खताच्या हौदास देऊन गेले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींत भोके ठेवलेला तो नाडेप हौद तीन-चार महिने मागतो. पिशवी घेताना आम्हांस तेवढेच द्यावयाचे नव्हते.

स्नेह्यांनी एक घरगुती परीक्षाही सांगितली. १९८१ साली इटलीतील संशोधकांनी कच्चे खत ओळखण्याची रीत मांडली. तीत खताच्या पाण्यात अळीव पेरून किती रुजतात व मुळे किती वाढतात हे पाहतात. आम्ही दोन बशांत ओली फडकी पसरली आणि स्वयंपाकघरातून अळीव काढले. ते नातसुनेच्या बाळंतपणातील लाडवांचे होते, हे आम्हांस नंतर कळले. त्यावरून घरात जे झाले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याच्या बशीत पांढऱ्या मुळ्यांचे रान माजले. खताच्या बशीत पाच-सात दाणे फुटले होते आणि त्यांची टोके तपकिरी होती. दोन मुठी अळिवांत जे कळले असते, ते आम्ही पन्नास वर्षांच्या बियात विचारले होते.

आई चार दिवस वाफ्याकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "टाकळीभानला जाऊन ये. वहिनीला मी एकदा बी दिलं होतं. पंधरा वर्षं झाली. तिनं धरलं असेल तर असेल."

मामींच्या वस्तीवर आम्ही पोचलो तेव्हा त्या ओट्यावर शेंगा निवडीत होत्या. येण्याचे कारण सांगताना जीभ जड झाली. दिलेले बी परत मागावयास जाणे हे उसनवारीहूनही अवघड आहे. मामी उठल्या, माळ्यावरून एक गाडगे काढले, तोंडावरची चिंधी सोडली. बोटांनी राख चाळता चाळता म्हणाल्या, "भाचेबुवा, वन्संनी आमच्याच गावचं बी आम्हाला परत दिलं तेव्हा मी हसले होते. आता तुम्ही न्या." मग जरा थांबून, "सगळं नाही देत हं. निम्मं इथं राहू द्या."

वाफा आईने स्वतः करविला. शेजारच्या वस्तीवरील जुन्या उकिरड्याच्या तळची माती, नदीची वाळू, वर चुलीची राख. बी तिनेच टाकले. आम्हांस झारी धरण्याचे काम मिळाले, तेही पाणी पावसाचे आहे याची खात्री करून घेतल्यावर. विकतच्या पिशव्या फरशीच्या कोपऱ्यात तोंड उघडून ठेवल्या आहेत. एक पावसाळा त्यांच्या अंगावरून जाऊ द्यावा, असे ठरले आहे. काल सकाळी आई वाफ्याशी वाकून काही मोजीत होती. किती आली, असे विचारले तर म्हणाली, "मोजू नये अजून."