पंक्तिप्रपंच टाळणारे सारण

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तेथे येणारा थँक्सगिव्हिंगचा सण काहींनी पाहिलाही असेल. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी देशभर आभारदिन पाळण्याचे आवाहन केले, तेव्हापासून तो दरवर्षी साजरा होत आला आहे. त्या दिवशी टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजतात. सोबत पावाचे सारण असते, त्याला तेथे स्टफिंग म्हणतात.

न्यू जर्सीतील आमच्या घरीही हा बेत दरवर्षी असतो. सासऱ्यांचे हृदय दुर्बल झाले आणि डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले, त्या वर्षी ते शांतपणे म्हणाले, “सूनबाई, माझी खिचडी खोलीतच आणून द्या. माझ्यापायी सर्वांचा सण नको बेचव व्हायला.” पथ्याच्या माणसाला पंगतीतून उठावे लागणे हाही एक पंक्तिप्रपंचच. म्हणून सर्वांचेच सारण त्यांच्या पथ्याचे करावयाचे ठरविले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतकेच मीठ खावे. हृदयरुग्णाची मर्यादा त्याचे डॉक्टर ठरवितात. तयार सारणाच्या पाकिटात आणि डब्यातील रश्श्यात मीठ पुष्कळ असते. काही टर्कींमध्येही आधीच मिठाचे पाणी टोचलेले असते, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचूनच पक्षी घ्यावा. पावातही मीठ असतेच, तेव्हा कमी मिठाचा पाव निवडावा.

आदल्या दिवशी सासरे स्वतः पावाचे तुकडे करून सुकत ठेवतात. मी बिनमिठाच्या लोण्यावर कांदा आणि सेलरी मऊ होईपर्यंत परतते, त्यात सेज व थाइम ही सुगंधी पाने आणि भरपूर मिरपूड घालते. टर्कीची मान, कांदा व गाजर उकळून काढलेल्या अळणी रश्श्यात हे सारे भिजविले की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. शेवटी लिंबाचे चार थेंब पिळते. मिठाऐवजी मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते घातक ठरू शकते.

उतारवयात दूषित अन्नाची बाधा लवकर आणि तीव्र होते, म्हणून पुढील काळजी आवश्यक आहे. साडेपाच किलोचा गोठलेला पक्षी फ्रिजमध्येच सुटा होऊ द्यावा; त्यास तीन दिवस लागतात, म्हणजे सोमवारीच तो खाली काढावा. तो धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. सारण पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजावे. पोटातील सारण कच्च्या मांसाचा रस शोषते आणि मध्यभागी उशिरा तापते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकविता, तापमापी खुपसावी. ती ७४ अंश सेल्सिअस दाखवील तेव्हाच पक्षी शिजला असे समजावे. केवळ रंगावर विसंबू नये.

दात नसलेल्यांना छातीचे मांस कोरडे लागते. त्यांना मांडीचे मांस बारीक करून, अळणी रश्श्यात भिजवून वाढावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यांतून फ्रिजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि प्रत्येक वेळी वाफाळेपर्यंत गरम करावे.

आपल्या घरी टर्की नसेल, भरली वांगी असतील किंवा दिवाळीचा फराळ असेल. तेथेही पथ्याच्या माणसाचे ताट निराळे मांडण्यापूर्वी, सर्वांच्याच पातेल्यातील मीठ किती कमी करता येईल ते एकदा पाहावे. आणि पाव कुस्करणे, शेंगा सोलणे असे एखादे काम त्यांच्या हाती अवश्य द्यावे.