माहुलीचा खंड्या आणि आमचा पाहुणा

बडोद्याहून साताऱ्यास गेलो की कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीकडे पावले आपोआप वळतात. यंदा विश्वेश्वराचे दर्शन घेऊन मी रेंगाळलो तो खंड्याच्या समाधीपाशी. खंड्या हा छत्रपती शाहूमहाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्याने महाराजांचे प्राण वाचविले व पालखीचा मान मिळविला, अशी आख्यायिका आहे.

रेंगाळण्याचे कारण घरी होते. वाहनाच्या धडकेने मागचे पाय लुळे पडलेला एक कुत्रा, कायमचे घर मिळेपर्यंत, आमच्याकडे सांभाळावयास होता. जुन्या पंच्याची झोळी पोटाखाली धरून सौभाग्यवती त्यास अंगणात फिरवी. अंगास जखमा पडू नयेत म्हणून मी रात्री दोनदा उठून त्याची कूस पालटून देई.

"गुरुजी, याने कोणाचे प्राण वाचविले?" शेजाऱ्यांनी विचारले होते. उत्तर संगमावर सुचले: खंड्याचा मान ही उपकाराची फेड होती, येथे फेडावयाचे काहीच नाही, म्हणूनच हा सांभाळ निर्मळ.

परतल्यावर आठवड्यातच त्यास घर मिळाले. निघताना तो पुढच्या दोन पायांवर उंबऱ्यापर्यंत सरपटत आला. झोळी त्याच्याबरोबरच दिली. रात्री दोन वाजता मला अद्याप जाग येते.